दुपारी फोन करू नये

"फौजदारसाहेब, तुम्ही स्वतः या आणि आमच्या घरचा फोन उचला. मी आता त्याला हात लावणार नाही."

एवढं बोलून पलीकडच्या माणसानं पत्ता सांगितला आणि रिसीव्हर आपटला. फौजदार गहिनीनाथ बडे हातातल्या फोनकडे बघतच राहिले. चोऱ्या, मारामाऱ्या, बांधावरून फुटलेली डोकी, सगळं त्यांनी पाहिलं होतं. फोन उचलायला पोलीस बोलावणारा माणूस मात्र पहिलाच.

बडे मूळचे पाथर्डीकडचे. बसणं हा प्रकार त्यांना जमायचा नाही. खुर्चीत टेकले की पाय हलायला लागायचा, आणि पाय हलला की ठाण्यातले सगळे ओळखायचे, साहेब आता कुठंतरी निघणार. जीप बाहेर गेली होती. तिची वाट न बघता ते हवालदार कानिफनाथच्या मोटारसायकलवर मागे बसले आणि नगरमधल्या नागापूरच्या कारखान्यांमागच्या नव्या वसाहतीकडे निघाले. १९९९ सालचा डिसेंबर होता, शुक्रवारची सकाळ, आणि थंडी अशी की नाक लाल व्हावं.

फोन करणारे काकासाहेब म्हस्के दारातच उभे होते. मार्केट यार्डात त्यांचं खत-बियाण्याचं दुकान. घर स्लॅबचं, रंग ताजा. लागूनच पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. त्यांत रंभाजी भिंगारदिवे राहायचा, एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा. मधे कमरेएवढी भिंत.

बैठकीत स्टुलावर लाकडी पेटी, पेटीत फोन, पेटीला कुलूप. कुणी न विचारता फिरवू नये म्हणून. रिसीव्हर तेवढा बाहेर. शेजारी एक खुर्ची, तीही काकासाहेबांचीच. बडे आत आले आणि फोन खणखणला. काकासाहेबांनी नुसतं बोट दाखवलं.

बडेंनी उचलला. कुणीतरी पुरुष हिंदीत विचारत होता, जयमाला आहे का. कोण बोलतंय, असं बडेंनी विचारल्यावर तो हसला आणि असं काही बोलला, की बडेंचे कान तापले. मग त्यांनी आपला हुद्दा सांगितला. फोन कट.

"बघितलंत? सोमवारपासून हे चाललंय," काकासाहेब म्हणाले. "सुरत, इंदूर, नागपूर, कुठून कुठून करतात. सकाळी मी चहा घेत असतो तेव्हा, नाहीतर संध्याकाळी दुकानातून येऊन टेकलो की. काल संध्याकाळी तर कमाल झाली. बाईनं केला. बाया पण लागल्या आता. तिलाही तेच सांगून टाकलं, इथं अशी कुणी मुलगी राहत नाही."

"ही जयमाला कोण?"

काकासाहेबांनी भिंतीकडे मान उडवली. रंभाजीची मुलगी. त्यांच्याकडे फोन नाही, म्हणून त्यांनी म्हस्केंचा नंबर दिलेला, पुढे पी.पी. लिहून. तेव्हा निम्मी वसाहत अशीच बोलायची. ज्याच्या घरी फोन त्यानं उचलायचा, पाच मिनिटांनी पुन्हा करा म्हणायचं आणि भिंतीवरून हाक मारायची. शेजारधर्म म्हणून सगळे करायचे, आणि मनातून वैतागायचेही.

"उपकार केले त्याचं हे फळ," काकासाहेब म्हणाले. "पोरगी कॉम्प्युटर शिकते म्हणे. हे शिकते. मी तर वायरच उपटून टाकणार होतो. पण आमची रेश्मा म्हणाली, पप्पा, आपण का घाबरायचं? चालू राहू द्या. लेकीत माझ्यापेक्षा जास्त हिंमत आहे बघा."

रेश्मा चहा घेऊन आली होती. विशीची, शांत, डोळे सुजलेले. जयमालाच्याच क्लासला जायची. भिंतीवरून हाक मारायचं काम आजवर तिचंच. तिनं खालच्या आवाजात सांगितलं, की जयमाला अशी नाही, तिला कुणीतरी मुद्दाम गोवलंय, आणि फौजदारांनी तिला त्रास देऊ नये. काकासाहेबांनी तिला आत जायला सांगितलं. तिची आई चांगुणाबाई स्वयंपाकघराच्या दारातून सगळं ऐकत होती. कोपऱ्यात एका थाळीत पोह्यांसाठी शेंगदाणे निवडून ठेवलेले होते. रविवारी मुलीला बघायला पाहुणे येणार, असं काकासाहेबांनी जाता जाता सांगितलं. अशात ही बोंबाबोंब बरी दिसते का? बडेंनी चहा अर्धाच सोडला आणि उठले.

भिंतीपलीकडे वेगळीच अवस्था होती. रंभाजी कामावर गेलाच नव्हता. खाटेच्या कडेवर बसून दोन्ही हात गुडघ्यांत घालून होता. त्याची बायको कलाबाई चुलीपाशी होती, आणि जयमाला उभी. भिंतीला पाठ लावून, ताठ.

"सायेब, माझी पोर तशी न्हाई," रंभाजी म्हणाला. "लोकं दारावरनं जाताना आत बघून जात्यात. म्हस्केसायबानी तर सांगितलं, पुन्हा आमच्या उंबऱ्यावर यायचं न्हाई. आमी काय केलं वो?"

बडेंनी मुलीला विचारलं, कुणावर संशय आहे का. तिनं मान हलवली. मग म्हणाली, तिला कोण आहे ते शोधण्याची घाई नाही. तिला फक्त फोन हवाय.

"कसला फोन?"

तेव्हा कळलं. दोन हजार साल लागताना जगभरचे कॉम्प्युटर गोंधळणार, अशी हवा होती आणि कंपन्यांना माणसं हवी होती. पुण्याची एक कंपनी क्लासमध्ये परीक्षा घेऊन गेली होती. जागा एकच. निवड झाली तर या शनिवारपर्यंत फोन करू, आणि फोनवरच बोलून ठरवू, असं सांगून गेली होती. उलट फोन करून विचारत बसू नका, असंही बजावलं होतं. जयमालानं म्हस्केंचाच नंबर दिला होता. दुसरा होता कुठं?

"आज शुक्रवार आहे," ती म्हणाली. "तो फोन आला आणि काकांनी इथं कुणी राहत नाही म्हणून सांगितलं, तर माझं सगळं गेलं, साहेब. मला परत संधी कोण देणार आहे? आईबाबा आत्ताच म्हणायला लागलेत, क्लास पुरे कर."

कलाबाईनं पदरानं नाक पुसलं. तिनं खरंच तसं म्हटलं होतं आणि ते आता तिला टोचत होतं. कुणी एकानं कुठंतरी चार ओळी लिहिल्या आणि एका घरानं सबंध आठवडा डोकं वर काढलं नाही. शोधतो म्हणून बडे बाहेर पडले.

ठाण्यात बोलणं झालं तेव्हा वरिष्ठांनी कपाळाला हात लावला. कॉम्प्युटरवरच्या चावटपणाला कलम कोणतं? बाईच्या अब्रूला धक्का लावणारे शब्द, या जुन्या कलमात कसंबसं बसवता येईल. पण आधी माणूस हवा. माणूस आणा, मग बघू.

मग बडे क्लासवर गेले. तिथल्या सरांनी कंपनीचा नंबर दिला आणि निकालही सांगितला. पहिली जयमाला, दुसरी रेश्मा, तिसरा करण. पहिलीनं नकार दिला किंवा सापडली नाही, तर दुसरीला विचारायचं, असं ठरलेलं. निकाल सगळ्या क्लाससमोर वाचून दाखवला होता. आणि करणचं म्हणाल तर, सर घुटमळले, त्यानं मागे जयमालाला काहीतरी विचारलं होतं आणि तिनं सगळ्यांसमोर नाही म्हटलं होतं. आता तो बहुतेक वेळ सावेडी रस्त्यावरच्या सायबर कॅफेत असतो.

"झालं की काम, सायेब," बाहेर येताच कानिफनाथ म्हणाला. नाही म्हटल्याचा राग, वर तिसरा नंबर, आणि कॅफेत मुक्काम. त्याला एवढं पुरे होतं.

कॅफे म्हणजे एका गाळ्यात पाच यंत्रं आणि मधे प्लायवूडचे आडोसे. करण कोपऱ्यात होता. खाकी दिसताच त्याचा चेहरा उतरला. कानिफनाथनं कॉलर धरली, बडेंनी सोडायला लावली आणि शेजारी स्टूल ओढून बसले.

"जयमालाच्या नावानं तू काय टाकलंस?"

"मी नाही टाकलं, साहेब. पण मी बघितलंय."

"कुठं?"

त्यानं दाखवलं. नळातून थेंब पडावेत तसं पान एकेक ओळीनं उघडत गेलं. परदेशातली कुठलीतरी मैत्री जुळवणारी वेबसाइट होती. तिथं कुणीही नाव आणि दोन शब्द टाकायचे. जयमालाच्या नावानं इंग्रजीत मजकूर होता, आणि करणनं तो मान खाली घालून मराठीत सांगितला. मी एकटी आहे, मला दूरच्या मित्रांशी गप्पा मारायच्या आहेत, कसल्याही गप्पा चालतील. पुढचं त्यानं सांगितलं नाही, बडेंनीही विचारलं नाही. खाली नंबर. त्याखाली वेळ: सकाळी आठ ते दहा, नाहीतर संध्याकाळी सातनंतर. दुपारी फोन करू नये.

बडेंनी ती शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली.

"रात्री एसटीडीचे दर कमी असतात, म्हणून असेल," कानिफनाथ म्हणाला.

"मग सकाळी? आठ ते दहा पुरा दर लागतो."

बडे करणकडे वळले.

"हे काढून टाकता येतं?"

"ज्यानं टाकलं त्यालाच. पासवर्ड लागतो."

"तू त्या नंबरवर कधी फोन केलायस? खरं सांग."

करणचे कान लाल झाले. केलाय, म्हणाला. मागे दोन-तीनदा, तिनं नाही म्हणण्याआधी.

"कधी करायचास?"

"दुपारी."

"दुपारीच का?"

"सकाळ-संध्याकाळ म्हातारा उचलतो, साहेब. कोण, कुठला, कशाला, हजार प्रश्न. दुपारी रेश्मा उचलायची आणि हाक मारून द्यायची. क्लासमधल्या सगळ्यांना माहितीय."

"तुम्हाला सगळ्यांना हे नेट वापरायला कुणी शिकवलं?"

"मीच. मुलं-मुली, सगळ्यांना. सर म्हणाले म्हणून." त्यानं पडद्याकडे बघितलं. "साहेब, पान दिसलं तेव्हा मी तिला सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, तूच टाकलंस."

ते तर सगळे आताही म्हणतच होते. बडे उठले आणि रस्त्यावर येऊन येरझारा घालायला लागले. समोर उसाचा ट्रॅक्टर अडला होता, मागे गाड्या हॉर्न वाजवत होत्या, आणि बडेंना त्यांतलं काही ऐकू येत नव्हतं. कानिफनाथ म्हणत होता, पोराला ठाण्यात नेऊन दोन लावल्या की बोलेल. बडे म्हणाले, तो बोललाय आधीच. तुझं लक्ष नव्हतं.

त्या रात्री त्यांना नीट झोप आली नाही. बायकोनं दोनदा विचारलं, पाय का हलवताय.

शनिवारी सकाळी ते म्हस्केंच्या बैठकीत हजर झाले. रंभाजी, कलाबाई आणि जयमाला यांनाही बोलावून घेतलं. काकासाहेबांना ते आवडलं नाही, पण फौजदारासमोर बोलणार काय? कलाबाई दाराशीच बसली. जयमाला बापामागे उभी राहिली. कानिफनाथनं करणला आणलं होतं, त्याला बघून काकासाहेबांनी मुठी वळल्या.

"हाच का तो?"

"बसा," बडे म्हणाले. स्वतः मात्र बसले नाहीत. खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत, असे बोलता बोलता फिरत राहिले.

"मी काल दिवसभर एकच विचार करत होतो. एखाद्या टवाळ पोराला मुलीची बदनामी करायचीय. तो तिच्या नावानं घाण लिहितो, नंबर देतो. वेळ कुठली देईल? जेव्हा तीच फोनवर सापडेल ती. या घरी ती वेळ दुपारची. काकासाहेब दुकानात असतात, मुली घरी असतात. हे क्लासमधल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. या करणलाही. याला बदनामी करायची असती तर यानं दुपारच लिहिली असती.

"पण मजकुरात काय आहे? दुपारी फोन करू नये. सकाळी आठ ते दहा करा, संध्याकाळी सातनंतर करा. म्हणजे नेमके काकासाहेब या खुर्चीत असतात तेव्हा. लिहिणाऱ्याला जयमालानं फोन उचलायला नकोच होता. तो काकासाहेबांनीच उचलायला हवा होता. घाणेरडं बोलणं त्यांच्या कानावर पडायला हवं होतं, रोज, पुन्हा पुन्हा. का?"

आत कुकरची शिट्टी झाली आणि चांगुणाबाई गॅस बंद करून दारात येऊन उभी राहिली.

"कारण फोन त्यांचा आहे. पी.पी. नंबर असलेल्या माणसाचं बोलणं चालू राहणार की तुटणार, हे फोनचा मालक ठरवतो. तो भडकला की संपलं. कुणाचाही फोन आला तरी तो म्हणणार, इथं अशी कुणी मुलगी राहत नाही. ज्यानं हे केलं त्याला बदनामी नको होती. त्याला हे एक वाक्य हवं होतं. काकासाहेबांच्या तोंडून, एका ठराविक फोनला."

जयमालानं मान वर केली. तिला कळलं होतं.

"कंपनीचा," ती म्हणाली.

"कंपनीचा. आणि तो आला. परवा संध्याकाळी. काकासाहेब, तुम्हीच मला सांगितलं, इतक्या पुरुषांत एक बाई. ती काही वाईट बोलली का?"

काकासाहेब आठवू लागले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"नाही. ती फक्त... जयमालाशी बोलायचंय म्हणाली. मी पुढं बोलूच दिलं नाही."

रंभाजीच्या तोंडून आवाज निघाला, शब्द नव्हता. कलाबाईनं जयमालाचा हात धरला, पण जयमालानं तो सोडवून घेतला. ती फौजदारांकडेच बघत होती. अजून पूर्ण झालं नव्हतं.

"आता, ती गेल्यावर फायदा कुणाचा? करणचा नंबर तिसरा. त्याला जागा हवी असती तर दुसरीलाही बाजूला करावं लागलं असतं. दुसरीच्या वाटेत कुणी काटा टाकलेला नाही. उलट, काकासाहेब वायर उपटायला निघाले तेव्हा त्यांना कुणी अडवलं? ज्या घरात आठवडाभर असली घाण ऐकू येतेय, तिथं कुणीही वायर काढून ठेवील. चार दिवस फोन नसला तर काय बिघडतं? पण इथं फोन चालू राहणं कुणालातरी फार गरजेचं होतं. कारण पहिली सापडली नाही की कंपनी पुढच्या नावाला विचारणार होती. आणि तो फोनही याच पेटीत वाजणार होता."

रेश्मा आईशेजारी उभी होती. तिच्या हातात ओलं फडकं होतं आणि ती ते पिळत होती, पाणी कधीच संपलं होतं तरी.

"रेश्मा," बडे म्हणाले, "पासवर्ड सांगतेस का?"

ती रडली नाही. रडली असती तर सगळ्यांना सोपं गेलं असतं. तिनं सांगून टाकला. मग जयमालाकडे न बघता बोलत राहिली.

"मला वाटलं, चार दिवस त्रास होईल, मग थांबेल. इतके फोन येतील असं वाटलं नव्हतं. इतकं घाण बोलतील असंही. पप्पा, तुम्ही म्हणाला होतात, नोकरी लागली तरच लग्न थांबवतो. नाहीतर रविवारचे पाहुणे. मला दुसरी वाट नव्हती. जागा एकच होती."

काकासाहेब खुर्चीतून उठले, हात वर. बडे फिरता फिरता नेमके मधे येऊन उभे राहिले.

"हात खाली घ्या. आणि मला सांगा, त्या बाईला एक शब्द का विचारला नाहीत? कुठून बोलता, काय काम आहे?"

"मला काय ठाऊक..."

"तुम्हाला ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. शेजारच्या पोरीबद्दल कुणीतरी फोनवर बोललं आणि तुम्ही लगेच खरं मानलंत. तिच्या बापाला उंबरा बंद केलात. तिला एकदा समोर बोलावून विचारलंही नाहीत. काकासाहेब, तुमच्या मुलीनं हा सगळा बेत एकाच गोष्टीवर केला. तिला तुमची खात्री होती."

काकासाहेब खाली बसले. एकदम थकलेले दिसू लागले. बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

मग जयमाला पुढे आली. रेश्मापासून दोन हातांवर थांबली.

"मला सांगितलं असतंस तर?"

"तर तू जागा सोडली असतीस?"

जयमालानं विचार केला. खरंच केला, ते सगळ्यांना दिसलं.

"नाही," ती म्हणाली. "नसती सोडली. पण तुझ्या पाहुण्यांना हाकलायला मी आले असते."

आता रेश्माला रडू आलं. चांगुणाबाईनं तिला जवळ घेतलं नाही, दूरही लोटलं नाही. नुसती तिच्याशेजारी उभी राहिली, आणि नवऱ्याकडे असं बघितलं, की त्यांनी नजर काढून घेतली.

बडेंनी घड्याळ पाहिलं. रेश्मानं आजच करणबरोबर जाऊन ते पान काढून टाकायचं, कानिफनाथ सोबत राहील, असं सांगितलं. तक्रार लिहून घ्यायची की नाही, ते भिंगारदिवे कुटुंबानं ठरवावं. रंभाजीनं लेकीकडे बघितलं. लेक म्हणाली, ते नंतर बघू. आज शनिवार आहे.

बडेंनी खिशातून क्लासच्या सरांनी दिलेला नंबर काढला आणि काकासाहेबांपुढे धरला.

"हा पुण्याचा नंबर. मी करू शकतो. पण पोलिसाचा फोन गेला तर ते पुन्हा तिला विचारणार नाहीत. परवा नाही म्हणणारा आवाज तुमचा होता."

काकासाहेबांनी कमरेची किल्ली काढली. कुलूप दोनदा सुटलं नाही. तिसऱ्यांदा पेटी उघडली. नंबर फिरवताना खोलीतला प्रत्येक जण तिकडेच बघत होता.

लागला. पलीकडे तीच बाई असावी, कारण काकासाहेब एकदम सावरून बसले.

"मी नगरहून बोलतोय. म्हस्के. परवा संध्याकाळी तुम्ही केला होता... हो, मीच. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. चूक म्हणजे, खोटं सांगितलं. त्या मुलीचा काही दोष नाही, दोष आमच्या घरचा आहे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यांनी जयमालाकडे पाहिलं, आणि मग आवाज मोठा करून म्हणाले, "आहे. इथंच राहते."

ते खुर्चीतून उठले. खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि रिसीव्हर पुढे केला.

जयमाला बसली नाही. आजवर या फोनवर ती दारापाशी वायर ताणून, हळू आवाजात, घाईघाईनं बोलत आली होती. आज ती बैठकीच्या मधोमध उभी राहिली.

"हॅलो. मी जयमाला भिंगारदिवे बोलतेय."

नंतर ती बराच वेळ ऐकत होती. मधे एकदा इंग्रजीत उत्तर दिलं, मग दोनदा हो म्हणाली. कलाबाईला काही कळेना, ती रंभाजीची बाही ओढत होती. आज दुपारीच ते पुढच्या नावाला फोन करणार होते, हे नंतर कळलं. आत्ता फक्त एवढंच दिसलं, की जयमालाच्या चेहऱ्यावरचा आठवडाभराचा ताण निवळला आणि तिनं रिसीव्हर मानेत धरून हवेत लिहिल्यासारखा हात हलवला. सोमवारी पुण्यात कुठं यायचं, तो पत्ता सांगत होते.

कागद-पेन कुठं असतं ते त्या घरात एकाच माणसाला नेमकं माहीत होतं. दर वेळी तीच आणून द्यायची. सवयीनं हात आपोआप गेला. रेश्मानं कपाटाचा खण उघडला, पेन काढलं, टोपण काढून पुढे केलं.

जयमालानं तिच्याकडे बघितलं नाही. पण पेन घेतलं, आणि पत्ता लिहायला लागली.